विहीणबाईंचा रविवार

विहीणबाईंनी जन्मात मासा तोंडात घातला नाही, पण माझ्या तळलेल्या सुरमईला जी चव यायची ती निम्मी त्यांच्या हातची. हे मी त्यांच्या तोंडावर कधी बोलले नाही. बोलले असते तर त्या म्हणाल्या असत्या, "निम्मीच?"

त्या माझ्या सुनेची, मेधाची आई. शनिवार पेठेतल्या ब्राह्मण. आम्ही बौद्ध, खडकीचे. आमचे मालक तिथल्या कारखान्यात होते, ते आता नाहीत. मिलिंदला आम्ही इंजिनियर केलं आणि तो कंप्युटरच्या कंपनीत लागला. मेधा त्याच कंपनीत होती. तिथंच दोघांचं जमलं. लग्न आमच्या पद्धतीनं विहारात झालं. विहीणबाई आल्या, पहिल्या रांगेत ताठ बसल्या, रीतसर आहेर केला आणि पंगत बसायच्या आत निघून गेल्या. बाहेर रिक्षा थांबवून ठेवली होती. रिक्षा थांबवून ठेवणारा पाहुणा जेवायला आलेला नसतो, एवढं मला कळतं.

मला त्याचा राग आला नाही. माझ्या आईच्या ओंजळीत वरून पाणी ओतणारी माणसं मी लहानपणी पाहिली आहेत. ही बाई निदान माझ्या शेजारी बसून गेली. पण मेधाला लागलं. लग्नानंतर दोनचार दिवसांनी भांडी पुसता पुसता ती मला म्हणाली, "माई, आई एकदा आपल्या घरी जेवली पाहिजे. बाकी मला काही नको."

मी म्हटलं, "जबरदस्तीनं घास भरवता येत नाही. भूक लागली की जेवतील."

तेव्हा मला ठाऊक नव्हतं की ही बाई भुकेपेक्षा हट्टी आहे.

विहीणबाई पोस्टात खिडकीवर नोकरी करून निवृत्त झालेल्या. नवरा लवकर गेला, मेधा एकटीच मुलगी. आयुष्यभर खिडकीच्या पलीकडे बसून माणसं हाकलल्यामुळे त्यांना बोलणं लांबवायची सवय नव्हती. समोरच्याचं म्हणणं ऐकून झालं की त्या म्हणत, "झालं. पुढे?" पुढचा माणूस रांगेत उभा आहे अशा थाटात. पहिल्यांदा मी तीनदा मागं वळून पाहिलं होतं. आमच्या सोसायटीत आल्या तेव्हा फाटकावरची पाटी वाचून म्हणाल्या, "इमारतीला नाव इंग्रजी आणि नळाला पाणी टँकरचं." मुलांच्या नोकरीबद्दल त्यांचं मत असं, की सकाळी सातला जातात, रात्री नऊला येतात; इतका वेळ त्या कंप्युटरला काय समजावून सांगतात कोण जाणे, आमच्या खिडकीवर तर शब्दही न बोलता मनीऑर्डर जायची.

त्या दर रविवारी चारच्या सुमाराला यायच्या. बसनं येत, चालत वर चढत, लिफ्टला हात लावत नसत. आल्या की मेधा आशेनं विचारायची, "आई, जेवून जाशील ना?" आणि त्या म्हणायच्या, "आज माझा उपवास आहे."

दोनतीन रविवार मी ऐकून घेतलं. मग विचारलं, "रविवारी कसला हो उपवास?"

"सूर्याचा," त्या म्हणाल्या.

"सूर्य तर आता मावळेल."

"मावळला तरी उपवास दुसऱ्या दिवशी सुटतो."

मेधा उठून आत गेली. मिलिंद पेपरमागं लपला. मला खोटं बोलणाऱ्या माणसाचा राग येतो, पण या खोटेपणात एक रीत होती. 'तुमच्या घरचं खात नाही' असं त्यांना म्हणायचं नव्हतं. तेवढ्यासाठी त्यांनी सूर्याला वेठीला धरलं होतं. त्यांना पाणी चालायचं, चहा चालायचा नाही.

त्या रविवारी मी काय केलं, की आतून एक अननस, दोन अर्धे पिकलेले आंबे आणि एक लिंबू आणलं आणि त्यांच्यापुढं ठेवलं. "उपवासाला फळं चालतात ना? अख्खी आहेत. तुमच्या हातानं चिरा. सुरी धुतलेली आहे."

त्यांनी फळांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग पर्समधून स्वतःची घडीची सुरी काढली. मला हसू आलं. ती सुरी त्या नेहमी बरोबर बाळगत असाव्यात, नाहीतर मलाच ओळखून होत्या. ताट घेऊन त्या गॅलरीत जाऊन बसल्या, कारण आत मी मासे तळायला घेतले होते आणि वास त्यांना सोसत नव्हता.

आमच्याकडे रविवारी रात्री मासेच असायचे. सकाळी मी खडकीच्या बाजारातून सुरमई आणायची, आणि मुलांना सोमवारी पहाटे उठायचं असायचं म्हणून रात्रीचं जेवण घाईचं लागायचं. मटणासारखं माशाला तासभर शिजवत बसावं लागत नाही. तुकड्यांना हळद, तिखट, मीठ, लिंबू, आलं-लसूण लावून ठेवायचं, तांदळाच्या पिठात आणि रव्यात घोळवायचं आणि तव्यावर सोडायचं. एका बाजूनं खरपूस होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. सारखा उलथणारा माणूस मासा मोडतो. भाकरी आधीच झालेल्या असल्या की पानं मांडेपर्यंत जेवण तयार.

मी तव्यापाशी होते तेव्हा विहीणबाईंनी गॅलरीतून आवाज दिला, "हिरवी मिरची आहे का? आणि आल्याचा तुकडा?"

"फळांना मिरची?"

"फळाला गोड असल्याचा माज असतो. मिरचीनं तो उतरतो."

मी मिरची आणि आलं नेऊन दिलं. त्यांनी आंबा आणि अननस असे चिरले होते की प्रत्येक फोड दुसरीची बहीण वाटावी. मिरची बारीक, आलं किसलेलं, वर लिंबू. मग पर्समधून स्टीलची एक लहानशी डबी काढली आणि त्यातलं उपवासाचं मीठ घातलं. मीठसुद्धा घरून आणलेलं. आपली वाटी भरून त्यांनी बाजूला ठेवली आणि मोठा वाडगा मेधाच्या हातात देऊन म्हणाल्या, "एवढं मला संपायचं नाही. घ्या तुम्ही."

मिलिंदनं सुरमईच्या तुकडीवर दोन चमचे ते घातलं आणि खाल्लं. मग परत घातलं. "आई, हे खाऊन बघ," तो मला म्हणाला. त्याचं कंपनीच्या कामासाठी सहा महिने अमेरिकेत राहणं झालं होतं. "तिकडे याला साल्सा म्हणतात. माशाबरोबरच खातात."

मी खाल्लं. तळलेल्या माशाचा गरम तिखटपणा आणि वर ते गार, आंबट-गोड, मिरचीचं. इतकी वर्षं मी माशाबरोबर कांदा-लिंबू देत आले, पण हे मला सुचलं नव्हतं.

विहीणबाई दारातून बघत होत्या. "माशाला लावलंत ते?" त्यांच्या आवाजात भीती होती. आपल्या पोरीला वाईट संगत लागली असं कळावं तशी.

"फार छान लागतंय, आई," मेधा म्हणाली.

"तिकडे काय म्हणायचं ते म्हणोत," त्या म्हणाल्या, "इकडे त्याला कोशिंबीर म्हणतात. झालं. पुढे?" आणि आपली वाटी घेऊन गॅलरीत गेल्या.

त्या दिवसापासून तसंच चालू झालं. मी मासा आणायची आणि फळं आणायची. विहीणबाई यायच्या, उपवास सांगायच्या आणि चिरायला बसायच्या. थंडीत पेरू आणि डाळिंब, उन्हाळ्यात आंबा, अननस मिळेल तेव्हा, कधी घट्ट पपई. द्राक्षं त्यांना चालत नसत, "नुसतं पाणी सुटतं, चारित्र्य नाही." एकदा त्यांना बरं नव्हतं म्हणून मी चिरायला घेतलं, तर बघून म्हणाल्या, "अहो, चिरायचंय. सूड घ्यायचा नाही." एक नियम त्यांनी कधी मोडला नाही. कोशिंबीर झाली की आधी म्हणायच्या, "माझी वाटी आधी काढते." कारण वाडगा एकदा आमच्या टेबलावर आला की माशाचा चमचा त्यात जाणार, हे त्यांना ठाऊक होतं. मग ती एक वाटी खाऊन, पाणी पिऊन, आठच्या बसनं परत. घरी जाऊन काय खात होत्या देव जाणे.

गॅलरीतून त्या हॉलमध्ये यायला दोन उन्हाळे गेले. नात झाली, तिला मांडीवर घ्यायला गॅलरीत ऊन लागायचं म्हणून आत आल्या. वास आला की पदर नाकाला लावायच्या. मग पदर लावायचा विसरायला लागल्या. पण जेवल्या नाहीत. नातीच्या पहिल्या वाढदिवसालाही नाही. त्या दिवशी मेधानं मुद्दाम सगळं बिनकांद्या-लसणाचं केलं होतं, वरणभात, बटाट्याची भाजी, श्रीखंड. विहीणबाईंनी ताटाकडे पाहिलं. श्रीखंडावर नजर जरा जास्तच थांबली. मग म्हणाल्या, "आज माझी चतुर्थी."

मेधा ताट उचलून आत घेऊन गेली. स्वयंपाकघरात मी तिला म्हटलं, "सोड आता."

"तुम्हाला काय वाटतं माई, ती आपल्याला कमी समजते म्हणून जेवत नाही?"

"सुरुवातीला तसंच होतं," मी म्हटलं. "आता त्यांना मागं फिरायचा रस्ता सापडत नाही."

मग मिलिंदला आणि मेधाला कंपनीनं अमेरिकेला पाठवलं. आधी दोन वर्षं म्हणाले, मग तिथंच राहिले. जायच्या दिवशी विहीणबाई शनिवार पेठेतून आल्या, मी घरातून खाली उतरले. गाडी सुटली. मेधा मागच्या काचेतून बघत होती. विहीणबाई म्हणाल्या, "झालं." 'पुढे' म्हणाल्या नाहीत.

मला वाटलं होतं की आता रविवार बंद. पण पुढच्या रविवारी चारला बेल वाजली. मिलिंदनं घरी कंप्युटर ठेवला होता, त्यावर रविवारी संध्याकाळी नात दिसायची. मला ते यंत्र चालवता येत नव्हतं. विहीणबाई वाचून वाचून शिकल्या होत्या. त्या बटणं दाबायच्या, मी मागं उभी राहायची. नात दिसून झाली की मी माझ्यापुरत्या दोन तुकड्या तळायची आणि त्या फळं चिरायच्या. वाटी आधी काढायच्या. दोघी समोरासमोर बसायचो, माझ्या ताटात मासा-भाकरी, त्यांच्यापुढं एक वाटी फळं.

एका आठवड्यात माझा पाय मुरगळला. बाजारात जाणं बंद. घरात मासा नाही, फळ नाही. विहीणबाईंना फोन करून येऊ नका म्हणावं असं मनात आलं, पण त्या आल्याच असत्या. रविवारी सकाळी मी साबुदाणा भिजत घातला. आमच्यात उपवास नसतात, त्यामुळं खिचडी मी कधी केली नव्हती, नुसती दुसऱ्यांकडे खाल्ली होती. शेजारणीला विचारून घेतलं. दाण्याचं कूट, बटाटा, मिरची, जिरं, वर लिंबू. म्हटलं, फळं नाहीत तर उपवासाचं तरी असू दे. नाही खाल्ली तर मी खाईन.

त्या दिवशी कंप्युटरही चालला नाही. विहीणबाईंनी सगळी बटणं दाबून पाहिली, मग हात मांडीवर ठेवून बसल्या. आवाज नाही, चित्र नाही. थकलेल्या दिसत होत्या. गेल्या काही महिन्यांत त्या बारीक झाल्या होत्या, बांगडी कोपरापर्यंत जायला लागली होती. मी लंगडत जाऊन खिचडीची ताटली त्यांच्यापुढं ठेवली. "फळं नाहीत आज. तुमच्या उपवासाचं केलंय."

त्यांनी ताटलीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "हळद घातलीत?"

"घातली. का, रंग नको?" मी म्हटलं. फोडणीत हळद ही माझ्या हाताला लागलेली सवय. हात विचारून जात नाही.

"उपवासाला हळद चालत नाही हो."

मला तेव्हाच कळलं की आता यांना खरंच खाता येणार नाही. इतकी वर्षं खोट्या उपवासावर काढली आणि आज मी स्वतःच्या हातानं त्यांना खरं कारण दिलं. "असू द्या मग," मी म्हटलं आणि ताटली उचलायला हात पुढं केला.

त्यांनी ताटलीच्या काठावर हात ठेवला. घट्ट.

"आज रविवार आहे," त्या म्हणाल्या. "रविवारी कसला उपवास?"

आणि खायला लागल्या. मी समोर बसून राहिले. पहिले चार घास त्या पटापट खाऊन गेल्या, कुणी ताटली ओढून नेईल अशा घाईनं. मग सावकाश झाल्या. ताटली रिकामी करून म्हणाल्या, "साबुदाणा नीट भिजला नव्हता."

"पुढच्या वेळी भिजवीन."

"पुढच्या वेळी साधा वरणभात करा. एवढी हळद त्यातच बरी."

पाणी प्यायल्या. मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, "विहीणबाई, मेधाला सांगू नका." त्या मला तोपर्यंत नुसतं 'अहो' म्हणायच्या. त्या दिवशी पहिल्यांदा नात्यानं हाक मारली.

"का? तिला तर आनंद होईल."

"होईल. मग विचारेल, इतकी वर्षं का नाही? त्याला माझ्याकडे उत्तर नाही."

मी म्हटलं, "नाही सांगत."

त्यानंतर त्या दर रविवारी जेवल्या. वरणभात, पोळी, वांग्याचं भरीत. भरताला नावं ठेवून दोनदा घ्यायच्या. माझ्या ताटात मासा असायचा, मध्ये एकाच वाडग्यात त्यांची कोशिंबीर. मुलं कंप्युटरवर दिसायची तेव्हा मेधा विचारायची, "आई, काही खाल्लंस का?" आणि या म्हणायच्या, "उपवास आहे." मी मागं उभी राहून छताकडे बघायची. मेधाचा चेहरा त्या लहानशा चौकोनातही पडलेला दिसायचा. मला ते आवडत नसे, पण शब्द दिला होता.

विहीणबाई गेल्या त्या थोड्या आजारानं. दवाखान्यात मी रोज जायची. शेवटच्या वेळी मी डब्यातून मऊ भात नेला होता, दोन चमचे खाल्ले. "मीठ कमी आहे," म्हणाल्या. मी म्हटलं, "डॉक्टरांनी सांगितलंय." म्हणाल्या, "डॉक्टरांना जेवायचं नाहीये." मग डोळे मिटून घेतले. मेधा पोचेपर्यंत त्या गेल्या होत्या.

सगळं आटोपल्यावर मेधा शनिवार पेठेतलं घर आवरून माझ्याकडे आली. एकटीच. मिलिंद मागाहून येणार होता. हातात ती स्टीलची डबी होती. टेबलावर ठेवून म्हणाली, "आईची उपवासाच्या मिठाची. कपाटात सगळ्यात मागं होती. झाकण मोठ्या मुश्किलीनं निघालं, मीठ आत धोंडा झालंय." मग म्हणाली, "ती शेवटपर्यंत इथं जेवली नाही, माई. मला बाकी काही नाही, तेवढंच बोचतं."

जिला शब्द दिला होता ती आता नव्हती आणि जिला तो छळत होता ती समोर बसली होती. मी म्हटलं, "मीठ धोंडा झालंय, कारण ती डबी कित्येक वर्षं उघडलेली नाही. तुझी आई माझं मीठ खायची."

तिला कळेना. मग मी सगळं सांगितलं. पिवळी खिचडी, वरणभात, भरीत. ती ऐकत राहिली. रडली. मी तिला रडू दिलं, पाठीवर हात फिरवायची मला सवय नाही. मग तिला राग आला. "मला का नाही सांगितलंत? मी तिकडे दर रविवारी झुरत बसायचे."

"तुझ्या आईनं नको म्हटलं होतं. तू 'का नाही' विचारशील याची तिला भीती होती. आणि विहिणीचा मान ठेवायचा असतो. तुझ्या लग्नात ठेवता आला नव्हता, तो नंतर ठेवला."

"नावं ठेवायची का?"

"प्रत्येक घासाला."

मेधा हसली. रडता रडता हसली आणि नाक पुसून म्हणाली, "भूक लागलीय."

घरात सुरमईच्या चार तुकड्या होत्या. मी तवा ठेवला. तिनं अननस आणि अर्धा पिकलेला आंबा घेतला आणि तिथंच ओट्यापाशी उभं राहून चिरायला लागली. सगळ्या फोडी एकसारख्या. तिला कुणी शिकवलं नव्हतं, बघूनच आलं असावं. मिरची, आलं, लिंबू. मीठ माझ्या बरणीतलं घेतलं. मग आईच्या सवयीनं कपाटातून एक वाटी काढली, भरली आणि बाजूला ठेवली.

"ती कुणाला?" मी विचारलं.

तिनं वाटीकडे पाहिलं.

"ती परत वाडग्यात घाल," मी म्हटलं. "तुझी आई त्यातूनच घ्यायची. माझ्याच चमच्यानं."

तिनं वाटी वाडग्यात ओतली. मासा एका बाजूनं झाला होता. मी उलथला.